आत राहिलेले

रिकाम्या वर्गाच्या दारावरसुद्धा साहेब टकटक करत. मग किंचित मागे सरकून उभे राहत, आतून कुणी बोलावेल म्हणून. मे महिन्याची सुट्टी, कॉलेजात चिटपाखरू नाही, व्हरांड्यातून लूचा गरम वारा घोंघावत चाललेला, आणि मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा घातलेला हा म्हातारा माणूस बंद दारासमोर अदबीनं उभा. थोड्या वेळानं ते मान हलवत, जसं काही बोलावणं आलंच, आणि दार ढकलत. आत गेल्यावर त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे. "बैठिए, बैठिए."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या चपराशानं माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. 'बैठिए' आपण म्हणतो ते उठून उभ्या राहिलेल्या माणसांना, आणि साहेबांची नजर म्हणताना तशीच फिरली होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून.

आमचं काम सांगायला सोपं होतं. राज्यातल्या कॉलेजांत दर वर्षी किती मुलं नाव घालतात आणि त्यातली किती पदवी घेऊन बाहेर पडतात, हे सरकारला हवं होतं. लखनौहून हुकूम निघाला, ठिकठिकाणी छोटी कार्यालयं उघडली, आणि बनारसच्या आसपासच्या जिल्ह्यांचं काम साहेबांकडे आलं. मैदागिनजवळच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक खडखडणारा कूलर, एक चपराशी आणि एक टाइपरायटर. टाइपरायटरवर मी.

नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही मंगला गौरीच्या गल्लीत राहायचो, कितव्या पिढीपासून ते आईलाही नीट सांगता यायचं नाही. बाबा रेल्वेत होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ते अचानक गेले. माझं कॉलेज तिथेच थांबलं, धाकट्या बहिणीची शाळा थांबू नये म्हणून मी टाइपिंगच्या जोरावर ही तात्पुरती नोकरी धरली. साहेबांनी मुलाखतीत माझ्या शिक्षणाबद्दल काही विचारलं नाही. माझं आडनाव वाचून ते मराठीत म्हणाले, "मराठी बोलता येतं ना अजून? बरं झालं. या ऑफिसात मला गप्प बसायचा कंटाळा आलाय."

तेही मराठीच, पण कानपूरकडचे. एकटे. राजाघाटाच्या वर एका मराठी बाईंच्या घरात वरची खोली घेऊन राहत. त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होती, आमच्यासारखी 'इम्तहान' आणि 'झमेला' यांनी भरलेली नव्हती. लखनौच्या एका अधिकाऱ्याला त्यांनी एकदा माझ्यादेखत सुनावलं होतं. तो म्हणत होता की या वर्षी भर्ती, म्हणजे कॉलेजांतले प्रवेश, फार चांगली झाली, तेवढंच वर कळवा. साहेब म्हणाले, "हमारी मराठी में भरती समुंदर की होती है. पानी चढ़ता है, फिर उतरता है. आप लोग चढ़ा हुआ पानी नापकर घर चले जाते हैं." मग माझ्याकडे वळून मराठीत, "मी समुद्र पाहिलेला नाही, बरं का. पण पाणी कुठेतरी जातं, एवढं गंगेच्या काठीही कळतं."

पाणी कुठे जातं, याचं त्यांचं उत्तर मात्र विचित्र होतं. अर्धवट सोडून गेलेल्या मुलांना ते 'गेलेली' म्हणत नसत. "दारातून आत आलेली दिसतात. पदवी घेऊन बाहेर पडलेली दिसत नाहीत. मग आत आहेत," ते म्हणत. त्यांच्या तोंडी ती गंमत नव्हती, आकडेमोड होती. म्हणून वर्गातून निघताना ते दार कधी ओढून घेत नसत. सुट्टीत उघडी राहिलेली दारं म्हणजे बनारसमध्ये माकडांना आमंत्रण. चौकीदार वैतागायचे. एकानं तर हात जोडले. "साहब, बंदर घुस जाते हैं, नक्शे फाड़ देते हैं." साहेब शांतपणे म्हणाले, "फाड़ने दीजिए. किसी को निकलना हो तो?" त्या चौकीदारानं किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या हातात घेतला. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत तो त्या व्हरांड्याकडे परत गेला नाही.

कॉलेजांकडून आकडे आले की साहेब त्यातली काही मुलं निवडत आणि त्यांच्या घरी जात. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. मला ते बरोबर नेत, कारण मुलींच्या घरी पुरुषाला दारातूनच वाटेला लावत. मी असले की आतून पाट यायचा, पाणी यायचं, गुळाचा खडा यायचा. मी मनात प्रश्न तयार ठेवलेले असायचे, का सोडलं, कधी सोडलं, घरची अडचण काय होती. साहेब त्यातलं काही विचारत नसत. ते एवढंच विचारत, "आखिरी दिन आप किस बेंच पर बैठी थीं?"

आणि लोकांना ते आठवत असे. लग्नाची तारीख चुकणाऱ्या बाया बाकाची जागा चुकत नसत.

मुगलसरायच्या पुढे एका गावात अशी एक बाई होती, माझ्याच वयाची, अंगणात गोवऱ्या थापत बसलेली. सासू ओसरीवर. आम्ही सरकारी माणसं म्हटल्यावर सासूनं आधी रेशनकार्डाची तक्रार केली. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि मग सुनेला त्यांचा प्रश्न विचारला. तिचे हात शेणात तसेच थांबले. "खिड़की के पास," ती म्हणाली. "खिड़की से नीम दिखता था." एवढं बोलून ती हसली, आणि सासूकडे बघून पुन्हा थापायला लागली.

त्याच आठवड्यात आम्ही तिच्या कॉलेजात गेलो. टकटक, थांबणं, 'बैठिए'. साहेब खिडकीजवळच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले आणि आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं खालच्या आवाजात बोलू लागले. "आपकी शादी हो गई है. एक बेटा है, दाँत निकल रहे हैं. सास बोलती बहुत हैं, पर मन की बुरी नहीं लगीं. आप ठीक हैं." मग थांबले. बाहेर बघितलं. "नीम का तो क्या कहें, कटते हुए आपने देखा ही होगा."

मी खिडकीशी गेले. खाली आवारात कडुनिंबाचा बुंधा होता, वरून सपाट कापलेला, ताजा नव्हे, पण फार जुनाही नव्हे. गावातल्या त्या बाईला झाड तोडलेलं माहीत नव्हतं. ज्या मुलीला ते माहीत असेल असं साहेब धरून चालले होते, ती माझ्या कोपराजवळच्या बाकावर असायला हवी होती. मी हात आखडून घेतला.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातली पळी खाली ठेवली. "भरदुपारी रिकाम्या इमारतींत फिरतो तो माणूस, आणि तुला घेऊन? आपल्यात भरदुपारी मुलींना विहिरीवरसुद्धा पाठवत नाहीत."

"आई, कॉलेजं आहेत ती."

"तेच म्हणते मी. स्मशानाची कुणाला भीती नाही इथे, रोज दिसतं. कॉलेजाची वाटावी असं तू सांगतेयस." तिनं संध्याकाळी माझ्यावरून मीठमोहरी ओवाळून टाकली. नोकरी सोड मात्र म्हणाली नाही. सोडणं परवडणारं नव्हतं.

चौकात एक पानवाला होता. बी.एस्सी. अर्ध्यावर सोडून बापाच्या ठेल्यावर बसलेला तरुण. साहेबांनी त्याला बाकाचं विचारलं तेव्हा तो भडकला. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सरकार को और कोई काम नहीं है? हटिए, धंधे का टाइम है." आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी तो जिन्यात बसलेला होता. मला बघून उठला, आत आला, साहेबांसमोर उभा राहिला.

"पीछे से दूसरी बेंच. दीवार की तरफ," तो म्हणाला. मग खाली बघत, "लेकिन मेरा हाल उसको मत बताइएगा."

साहेब म्हणाले, "नहीं बताऊँगा."

तो निघून गेल्यावर मी चपराशाला विचारलं, याला कुणी सांगितलं साहेब वर्गात जाऊन काय करतात ते? चपराशी शपथ घेऊन म्हणाला, कुणीच नाही. त्याची शपथ घेण्याची रीत मला माहीत होती, ही खरी शपथ होती. साहेब त्या कॉलेजात गेले तेव्हा त्या बाकाशी फक्त उभे राहिले, हात मागे बांधून, बराच वेळ, एक शब्दही न बोलता. बाहेर आल्यावर त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्यांना स्वतःला कशाची भीती वाटते, ते मी एकदाच पाहिलं. गाझीपूरच्या रस्त्यावर एक नवं कॉलेज निघालं होतं. त्यांचे आकडे असे होते की जेवढी मुलं आत आली तेवढीच पदवी घेऊन बाहेर पडली, दर वर्षी, एकही कमी नाही. लखनौ खूश होतं. साहेब म्हणाले, जाऊन बघू.

शेतांच्या मधोमध पिवळ्या रंगाची दुमजली इमारत. मॅनेजर मोठं प्रस्थ होतं, पांढरी जीप, दोन माणसं मागे. त्यानं आमचं हसतमुखानं स्वागत केलं. "हमारे यहाँ कोई छोड़ता ही नहीं, साहब. माहौल ही ऐसा है." बेलाचं सरबत आलं. साहेबांनी पेला हातात घेतला, पण आधी वर्ग बघतो म्हणाले.

पहिल्या वर्गाच्या दारावर त्यांनी टकटक केली आणि थांबले. या वेळी फार वेळ थांबले. मग पुन्हा टकटक केली. ते दुसऱ्यांदा दार वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मान न हलवताच त्यांनी दार ढकललं आणि उंबऱ्यावरच उभे राहिले. 'बैठिए' म्हटलं नाही. पुढचा वर्ग, त्याच्या पुढचा, वरचा मजला, सगळीकडे तेच. त्यांची चाल वाढत गेली. शेवटी ते जवळजवळ पळत जिना उतरले. सरबताचा पेला त्यांनी कठड्यावर तसाच ठेवला होता.

जीपमागच्या माणसांना कळू नये म्हणून ते मराठीत म्हणाले, "इथे कुणी नाही."

"सुट्टी आहे ना, साहेब."

"तसं नाही. इथे कधीच कुणी नव्हतं. चल, निघू या."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी मागे वळून दारातून आत पाहिलं, तेव्हा मला माझ्या डोळ्यांनी दिसण्याजोगं दिसलं. बाकं कोरी होती. एकावरही नाव कोरलेलं नाही, शाईचा डाग नाही, कंपासच्या टोकानं पाडलेलं भोक नाही. फळ्यावर खडूची धूळ नाही. पदव्या वाटणारी इमारत, आणि तिच्यात एकाही मुलानं कधी कंटाळून बाकावर रेघ ओढली नव्हती.

साहेबांनी त्या कॉलेजपुढे शून्य लिहून पाठवलं. लखनौहून फोन आला, मग दुसरा आला. मॅनेजरचा माणूस कार्यालयात येऊन बसला आणि माझ्याकडे बघत साहेबांना म्हणाला की लड़की रोज पैदल घर जाती है क्या? त्या दिवसापासून चपराशी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येऊ लागला. साहेबांनी आकडा बदलला नाही. मला वाटायचं हे धैर्य आहे. आता वाटतं, त्या इमारतीत जे त्यांना दिसलं नाही त्यापुढे मॅनेजर त्यांना किरकोळ वाटला असेल.

या भानगडी चालू असतानाच एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "उद्या तुझ्या कॉलेजात जायचंय."

मी टाइप करत होते. हात थांबले नाहीत, पण ओळ चुकली. इतक्या महिन्यांत त्यांनी मला माझं काहीही विचारलं नव्हतं, बाक तर नाहीच. मी म्हटलं, "साहेब, मला तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुला विचारायची गरज पडली नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरून परस्पर गेले. जूनमधली दुपार, रस्त्यावर माणूस नाही, रिक्षावाले हूडखाली गमछा तोंडावर घेऊन झोपलेले. माझ्या कॉलेजच्या फाटकाशी तिथली जुनी कामवाली, आमची दाई, बसली होती, पंखा हलवत. मुलींना नावानं ओळखणारी. मला बघून तिचा पंखा थांबला.

"अरे, अभी तो ऊपर गई थी तुम," ती म्हणाली. "नीचे कब आई?"

"मैं तो अभी आ रही हूँ, दाई."

तिनं माझ्याकडे, मग जिन्याकडे बघितलं. "अच्छा," एवढंच म्हणाली आणि पंखा पुन्हा हलवू लागली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे मी जिना चढताना स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

वरच्या व्हरांड्यात साहेबांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या वर्गाचं दार उघडं होतं. मी अलीकडेच थबकले, कारण काहीतरी वेगळं होतं आणि ते काय हे कळायला थोडा वेळ लागला. वर्गांतून साहेब नेहमी हिंदीत बोलत. आज ते मराठीत बोलत होते.

"…आईला साखरेचा त्रास आहे, पण हिंडतीफिरती आहे. धाकटी हुशार निघाली. तू टाइपिंग चांगलं करतेस. बोलतेस मात्र कमी." मग थांबले. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तितका वेळ. "नाही, बेटा. नाही आले ते." पुन्हा शांतता. "मी खोटं कशाला सांगू तुला?"

मग ते बाहेर आले. मला बघून दचकले नाहीत. रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, "ती सारखं एकच विचारतेय. बाबांना घरी आणलं का?"

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. माझ्या त्या शेवटच्या दिवशी तास चालू असताना कॉलेजचा चपराशी दारात आला होता, घर से बुलावा है म्हणून. बाबांची तबियत जरा बिघडली आहे, शाम तक घर ले आएँगे, असं त्यानं सांगितलं होतं, आणि मी वही उघडी ठेवून निघाले होते. मी इस्पितळात पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. बाबांना घरी आणलंच नाही, तिथून थेट घाटावर नेलं. हे मी कार्यालयात कुणाला कधी बोलले नव्हते. दाईनं साहेबांना सांगितलं असेल, असं मी नंतर ठरवलं. त्या क्षणी असं काही सुचलं नाही.

"माझं ऐकत नाही ती," साहेब म्हणाले. "तू सांग."

"मी काय सांगू?"

"तुला माहीत आहे तेवढं."

मी आत गेले. दुसरी ओळ, भिंतीकडचं बाक. सगळ्या बाकांवर उन्हाळ्याची धूळ बसली होती, बोटानं नाव लिहिता येईल अशी. माझ्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला तेवढी धूळ नव्हती, कुणी नुकतंच उठून उभं राहावं तशी तेवढी जागा स्वच्छ. साहेबांनी रुमालानं पुसली असेल. त्या जागेवर बसायचं मला धाडस झालं नाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाशी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा गेले."

माझाच आवाज मला शाळकरी मुलीसारखा वाटला. मी पुढे बोलत राहिले. "त्याच दिवशी गेले. तू वाटेत होतीस तेव्हाच. घरी नाही आणलं. तू वाट बघू नकोस."

बाबा गेल्यानंतर मी रडले नव्हते. आईला धरायचं होतं, बहिणीला धरायचं होतं, पेन्शनच्या कागदांवर सह्या होत्या. आज त्या तापलेल्या वर्गात मी जमिनीवर बसले आणि पोटातून रडले, लहान मूल रडतं तशी. एका क्षणी मला स्पष्ट वाटलं की रडणाऱ्या दोघी आहेत. आवाज दुहेरी येत होता. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, हे मलाही कळतं.

साहेब बाहेर पाठमोरे उभे होते. खाली उतरलो तेव्हा दाईनं मला माठातलं पाणी दिलं, आणि या वेळी माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाली, "अब ठीक है."

त्या वर्षी मी खाजगी विद्यार्थिनी म्हणून परीक्षेचा फॉर्म भरला. आईला वाटत होतं तेवढा मी अभ्यास करत नव्हते, तरी बरा चालला होता. पुस्तक उघडलं की पूर्वी छातीवर दगड बसायचा, तो आता बसत नव्हता.

निकाल लागायच्या आधीच आमचं कार्यालय बंद झालं. लखनौहून तरुण अधिकारी आला, गोड बोलला, म्हणाला की राज्याचा भर्तीचा ग्राफ फार सुंदर आलाय आणि आता वेगळी गरज उरली नाही. अहवालात वर चढणारी एकच रेघ छापली. दुसरी, बाहेर पडणाऱ्यांची, छापलीच नाही. साहेबांना मुदतीआधी निवृत्त केलं. गाझीपूरच्या रस्त्यावरच्या त्या कॉलेजाला पुढे आणखी दोन विषयांची मान्यता मिळाली, असं चपराशानं मला भेटून सांगितलं.

शेवटच्या दिवशी टाइपरायटरवर कापड घालताना मी धीर करून विचारलं, "साहेब, तुमचं काय राहिलंय? तुम्ही कुठल्या वर्गात आहात?"

त्यांनी खरोखर विचार केला. "माझं काही राहिलं नाही," ते म्हणाले. "शिक्षण झालं, नोकरी झाली, आईवडिलांचं सगळं हातून झालं. कुठेच काही अर्धं नाही. त्यामुळे मला बसायला कुठे जागा नाही बघ." ते हसले. मला ते हसू आवडलं नाही. माणूस असं बोलतो ते सगळं आटोपल्यावर, आणि साहेब तर अजून जिना उतरून घरी जायचे होते.

मी पास झाले तेव्हा पेढे घेऊन आधी मंगला गौरीच्या देवळात गेले आणि मग राजाघाटावर. खाली घरमालकीणबाई गहू निवडत होत्या. "जा वर, बरे आहेत," त्या म्हणाल्या. "पाय दुखतात, पण डोकं अजून लखलखीत आहे हो. काल कुणी मुलगा आला होता, अर्ध्यात कॉलेज सोडलेला. त्याचा वर्ग, त्याचं बाक, सगळं तोंडपाठ सांगितलं त्याला."

मी वर गेले. साहेब खिडकीशी चटईवर बसले होते, गंगेकडे तोंड करून. माझी चाहूल लागताच उठले, दोन्ही हात जोडले. "या, बसा. कुणाकडे आलात आपण?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसून माझं नाव सांगितलं.

"छान नाव आहे," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात याच नावाची मुलगी होती. तुम्ही तिच्या नात्यातल्या का?"

त्यांच्या डोळ्यांत मी शोधलं. तिथे ओळख लपवलेली नव्हती. आदर होता, घरी आलेल्या परक्या बाईविषयी असतो तेवढा. इतके दिवस मला 'तू' म्हणणारा माणूस मला 'आपण' म्हणत होता. मी कसंबसं म्हटलं, "हो. नात्यातलीच."

"मग तुम्हाला विचारतो." ते पुढे झुकले, आवाज खाली आला. "मी मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजात गेलो होतो. दुसरी ओळ, भिंतीकडचं बाक. ती तिथे नव्हती. सगळ्या इमारतीत फिरलो. इतर सगळे होते, तेवढी तीच नव्हती. मला काळजी लागून राहिली आहे. कुठे गेली असेल?"

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यासमोर ठेवला. "ती पास झाली, साहेब."

खाली घाटावर कुणी कपडे आपटत होतं. मग त्यांनी पुड्यातला एक पेढा घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वडिलांचं कळलं का तिला?"

"कळलं."

"कुणी सांगितलं?"

"मी."

"बरं केलंत," ते म्हणाले. "फार बरं केलंत. मला जमलं नव्हतं."

मी नमस्काराला वाकले तर त्यांनी संकोचून पाय मागे घेतले. जिन्यापर्यंत पोचवायला मात्र आले. "भेटली तर माझा निरोप सांगा तिला," म्हणाले. "म्हणावं, आता मागे वळून येऊ नकोस."

"सांगते," मी म्हणाले.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊनही बनारसमध्येच राहिले, आणि साहेब असेपर्यंत दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जात राहिले. दर वेळी त्यांनी उभं राहून हात जोडले आणि नाव विचारलं. दर वेळी मी ते सांगितलं.